घर लाफाएलेला, राहणे अमोसांचे

आज शनिवारी राजधानी अपियाहून आणलेले: मृत्युपत्राचा छापील नमुना, दोन ताला. रेघी कागदांचा दस्ता, एक ताला ऐंशी सेने. निळ्या शाईचे पेन, साठ सेने. बसचे जाणे-येणे, एक ताला. वकीलबाई इलिसापेता यांनी सल्ल्याचे काही घेतले नाही, म्हणून त्यांना अळूच्या कंदांची टोपली दिली. ती घरची असल्यामुळे किंमत मांडत नाही.

छापील नमुन्यात माणसांसाठी चार ओळींची जागा सोडली आहे. माझी माणसे तेवढ्यात बसत नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, रेघी कागदावर लिहिले तरी चालते, सही आणि साक्षीदार नीट असले म्हणजे झाले. नमुना कोरा आहे, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.

देवबापाला स्मरून लिहिते ते असे. मी लितारा, अमोसा यांची पत्नी, वय चौसष्ट, राहणार आलाफुआ, समोआ, काम घरचे व शिवणाचे, शिक्षण मॅट्रिक पास. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हात थरथरत नाही. पुढच्या महिन्यात दवाखान्यात माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे नाही, आणि मी घाबरलेलीही नाही. पण दोन दिवस परगावी जायचे असले तरी साखर कुठे आणि काडेपेटी कुठे हे मी सांगून जाते, तसेच हे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. माझ्या पतीचा तर याला विरोध आहे, तो पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. माझा देह आमच्या अंगणात, नीरफणसाच्या झाडाच्या डावीकडे ठेवावा. कबर सिमेंटची, साधी. वरती छप्पर करू नये, छपरावर पाने साचतात आणि झाडायचे कोणी हा प्रश्न राहतो. पाळकांना त्यांचा मान, आलेल्याला पोटभर जेवण, एवढे पुरे. चटया आणि डुकरे वाटून मोठेपणा करू नये. ज्यांना मोठेपणा हवा असेल त्यांनी आपल्या मयतीला करावा.

कलम २. माझ्या बँकेच्या पुस्तकातील शिल्लक, सोन्याची कानातली आणि चर्चच्या टोप्या माझी मुलगी फुआतिनो हिला. ती ब्रिस्बेनला परिचारिका आहे, तिचे स्वतःचे घर आहे, आणि खाली मी राहत्या घराचे जे केले आहे ते तिला ठाऊक असून मान्य आहे. टोप्या ती घालणार नाही हेही मला ठाऊक आहे. ठेवून द्याव्यात.

कलम ३. शिवणयंत्र गावच्या महिला मंडळाला. त्याचा पट्टा नवा आहे. ते कोणा एकीच्या घरी राहू नये. मंडळाचे मोठे पातेले ज्या बाईंकडे गेली अकरा वर्षे आहे त्यांच्याकडेच आता राहू द्यावे. सभेत त्या एकदा म्हणाल्या होत्या की नकल्याच्या बायकोने चर्चची वर्गणी मोजू नये. वर्गणी मीच मोजत राहिले आणि ती कधी कमी भरली नाही. त्यांचे नाव लिहीत नाही. मी त्यांना क्षमा केली आहे, पातेल्यासह.

कलम ४. आता घर व जमीन. हे लिहिण्याआधी माणसांची ओळख करून द्यावी लागेल, कारण मृत्युपत्र कदाचित तरुण वकील वाचतील आणि त्यांना ही नावे माहीत नसतील.

अमोसा माझे पती, वय सदुसष्ट. लाफाएले माझा धाकटा भाऊ, वय एकसष्ट, राहणार ऑकलंड, विधुर, मुलाकडे असतो. हे दोघे एका काळी सगळ्या बेटांवर ठाऊक होते. गावोगावच्या समारंभात जो भुतांचा खेळ होतो, ज्यात सोंगाड्याच्या तोंडून भूत बोलते आणि भूतच बोलत असल्यामुळे कोणा सरदाराने किंवा पाळकाने रागवायचे नसते, त्यात यांनी नाव काढले. पण यांचा खेळ गावातल्या माणसांवर थांबला नाही. यांनी रेडिओवरचे निवेदक घेतले, मंत्री घेतले, न्यूझीलंडहून येणारे शाळा-तपासनीस घेतले, कुस्तीगीर घेतला, पडद्यावरचे अमेरिकन नट घेतले.

यांची पद्धत निराळी होती. अमोसा तेव्हा बसवर पैसे गोळा करीत. माणसे त्यांना पाठीमागून ऐकू यायची. लाफाएले बंदरावर ओझी उचलायचा. बोटीवरून उतरणारी बडी मंडळी त्याला लांबून चालताना दिसायची, ऐकू यायची नाहीत. म्हणून एकाकडे आवाज जमले आणि दुसऱ्याकडे चाली. मग त्यांनी एकेक माणूस दोघांत वाटून घेतला. अमोसा चादरीमागे उभे राहून बोलायचे, आणि पुढे लाफाएले तोंड न उघडता त्या माणसासारखा चालायचा, बसायचा, खिशातून रुमाल काढायचा. काय होणार हे दोघे आधी ठरवीत नसत. आवाज आला की चाल निघायची. पहिल्या ओळीतले लोकही म्हणायचे, दोघे आहेत हे विसरायला होते.

पहिली कमाई मला आठवते, कारण ती मीच शिजवली: डुकराचा एक खांदा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. चर्चच्या छपरासाठी खेळ होता. त्यानंतर सिनेमागृहाच्या मालकाने त्यांना सिनेमा सुरू होण्याआधी पाच मिनिटे उभे केले. ही गोष्ट अमोसांनी इतक्यांदा सांगितली आहे की मी ती त्यांच्याच शब्दांत देते.

"मालक म्हणाला, आज घोडेवाल्याचा सिनेमा आहे, घोडेवाल्याचंच काहीतरी करा. मी त्याचा आवाज समोअनमध्ये काढला, म्हणजे तो अळूचे कंद विकत घ्यायला आलाय आणि भाव पटत नाही म्हणून बंदूक काढतोय. लाफाएले असा चालला की पायांच्या मध्ये घोडा दिसायला लागला. लोक बाकांवरून पडले. पंचाईत पुढे झाली. सिनेमा सुरू झाला, खरा घोडेवाला पडद्यावर आला, दोन पावलं चालला, आणि सगळं थेटर हसायला लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, 'अरे हा जमवत नाही, लाफाएलेला बोलवा.' शेवटी घोडेवाल्याचा बाप मेला तरी लोक हसतायत. मालक माझ्यामागे धावला. म्हणाला, 'तुम्ही माझा नट बिघडवलात.'"

मालकाने पैसे निम्मे दिले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

मी स्वतः हे काही पाहिलेले नाही. आपल्याकडे भाऊ-बहिणीत जो आब असतो तो सर्वांना माहीत आहे. बहीण बसली असेल तिथे भावाने सैल बोलायचे नसते, आणि भावासमोर बहिणीबद्दल सैल बोललेले त्याने ऐकून घ्यायचे नसते. मी पहिल्या ओळीत बसले असते तर लाफाएलेचे पाय बांधले गेले असते. म्हणून मी नेहमी मागे, कपड्यांच्या आणि चुलीच्या बाजूला असायचे. आवाज सगळे ऐकले. चाल एकही पाहिली नाही. सगळ्या देशाने माझा भाऊ पाहिला, मी सोडून. याचे मला वाईट वाटलेले नाही, आब हा आब आहे. फक्त नोंद म्हणून लिहिते.

१९७४ च्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात त्यांचा खेळ दुपारी होता. आधी ठरले होते मंत्र्यांचे सोंग. ऐन वेळी समितीचा एक माणूस मागे आला आणि म्हणाला, "मंत्र्यांचं यंदा नको. परदेशचे पाहुणे आलेत." अमोसा म्हणाले, "मग काय करू, पाहुण्यांचं करू?" तो म्हणाला, "घरगुती काहीतरी करा."

लाफाएले तोवर पुढे जाऊन उभा राहिला होता. अमोसा चादरीमागे गेले. मी कोकोचे पातेले ढवळत होते. आणि चादरीमागून मला माझा आवाज ऐकू आला.

"प्रभू, आजच्या अन्नाबद्दल तुझे आभार. मासा मात्र सांगितल्यापेक्षा लहान निघाला, हे तुला दिसलं असेलच. पाळकांना यांनी दुसऱ्यांदा वाढलं. पहिलं पानात शिल्लक होतं, प्रभू. ते वाया गेलं ते तुझ्या वर्गणीत धरू की आमच्या खर्चात, याचा कौल दे. घाई नाही, रविवारपर्यंत दे."

लोक हसू लागले. मी अशीच प्रार्थना करते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मलाही इतके हसू आले की पळी पातेल्यात सुटली.

लाफाएलेने पहिल्या शब्दालाच ओळखले. आवाज आला की चाल काढायची, हा त्यांचा करार. म्हणजे आता त्याने साऱ्या देशासमोर आपल्या बहिणीसारखे चालायचे होते. तो हलला नाही. त्याने मंत्र्याची टोपी डोक्यावरून काढून जमिनीवर ठेवली, कमरेला गुंडाळलेला लावालावा नीट केला आणि मागे माझ्याकडे आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुम्ही घरी चला."

"लाफाएले, खेळ चालू आहे."

"माझा संपला."

तो गेला. चादरीमागे अमोसांना काही दिसत नव्हते. हसणे ऐकून त्यांना वाटले, लाफाएले आज फारच रंगलाय. त्यांनी आणखी दोन प्रार्थना केल्या. मग बाहेर आले.

"हा कुठे गेला?"

"गेला."

"कधी?"

"तुम्ही 'प्रभू' म्हणालात तेव्हाच."

"मग लोक कशाला हसत होते?"

"मला," मी म्हणाले.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लाफाएले आमच्या दारात आला, आत आला नाही. तो म्हणाला, "दाजी, खेळात कुणालाही घ्या. पाळकांना घ्या, सरदारांना घ्या, मला घ्या. पण तिला माझ्या अंगावर घालायचं? मी ताईंसारखं चालायचं?"

अमोसा म्हणाले, "अरे, ते मी नव्हतो, भूत बोलत होतं. भुताला बहीण नसते."

"मला आहे," लाफाएले म्हणाला.

दोघेही आपापल्या रीतीप्रमाणे बरोबर बोलले. म्हणूनच ते मिटले नाही. त्यांच्या ऑकलंडच्या दौऱ्याची तिकिटे आलेली होती, दोन. लाफाएले एकटा गेला आणि तिथेच कारखान्यात लागला. जाण्याआधी मी त्याला सांगितले, "मला राग आलेला नाही. मला हसू आलं." तो खाली बघून म्हणाला, "ताई, तुम्ही बायको म्हणून बोलताय." त्यापुढे त्याने मला बोलू दिले नाही, आणि भावाशी वाद घालावा असे आपल्यात नाही. तेवीस वर्षे झाली. दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. लाफाएले मला दर नाताळला फोन करतो आणि ऑकलंडचे हवामान सांगतो. घरातले काही विचारले की लाइन खराब होते.

म्हणून या कलमात मी शपथेवर नोंदवते. त्या दुपारी माझा अपमान झाला नाही. मी हसले. हे मी पत्नी म्हणून लिहीत नसून मृत्युपत्र करणारी व्यक्ती म्हणून, दोन साक्षीदारांसमोर, शुद्धीवर लिहिते. बायकोचा शब्द धरायचा नसेल तर हा धरावा.

कलम ५. माझ्या चटयांपैकी जी सर्वांत मोठी, केवड्याच्या पानांची बारीक विणीची, जी मी व माझ्या आईने मिळून विणली, ती पती अमोसा यांना. अपराध झाला की चटई पांघरून समोरच्याच्या दारात बसायचे, ही आपली रीत त्यांना माहीत आहे. १९७४ साली मी त्यांना हे सुचवले होते. ते म्हणाले, "अपमान झाला तर तुझा झाला. तू तर घरातच असतेस. मी चटई पांघरून तुझ्या चुलीपुढे बसू? तू मला उठवून लाकडं आणायला पाठवशील." ते खरे आहे. तरीही चटई त्यांना. तिचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. एक बसलेला माणूस तिच्यात झाकला जातो.

कलम ६. घराआधी आणखी एक सांगायचे आहे, कारण ते घराचे कारण आहे.

भाऊ गेल्यावर अमोसा रेडिओवर गेले आणि चांगले चालले. रेडिओला पाय लागत नाहीत. लाफाएलेने तिकडे चर्चच्या सभागृहांत एकट्याने खेळ केले. काही न बोलता नुसता चालायचा. फुआतिनो म्हणते, लोक हसायचे. दोघांचेही पोट भरले. पण गेल्या वर्षी रेडिओवरच्या एका मुलीने अमोसांची मुलाखत घेतली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तिने विचारले, "मोठ्या माणसांचे आवाज तुम्ही पकडता तरी कसे, काका?"

ते म्हणाले, "आवाज घशात नसतो, बाळ. माणूस कुठे थांबतो ते बघायचं. मंत्री वाक्याच्या मध्येच थांबतो, कारण तिथे त्याला टाळीची सवय असते. पाळक शेवटच्या शब्दाआधी थांबतो, लोक जागे आहेत का बघायला. तपासनीस थांबतच नाही, थांबला तर पोरं प्रश्न विचारतील. थांबायची जागा सापडली की बाकीचं आपोआप येतं."

"आणि सुरुवातीच्या दिवसांत तुमच्याबरोबर आणखी एक जण होते ना?"

अमोसा थांबले. मग म्हणाले, "होता. पाय त्याचे होते." आणि लगेच निवेदकाच्या आवाजात बोटींचे वेळापत्रक सांगू लागले. मुलगी हसली आणि मुलाखत संपली.

नंतर काही महिन्यांनी फुआतिनोने एक कॅसेट पाठवली. ऑकलंडला आपल्या लोकांच्या कार्यक्रमात लाफाएलेला बोलावले होते. त्याला विचारले, पूर्वीचा खेळ आणि आताचा यात फरक काय. तो म्हणाला, "तेव्हा आवाज दुसरीकडून यायचा."

"आणि आता?"

"आता मला स्वतःलाच बोलावं लागतं. अजून सवय झालेली नाही."

मग तो खोकला आणि दुसरे काहीतरी सांगू लागला. अमोसांनी कॅसेट मागे नेऊन तो खोकला पुन्हा ऐकला. मग म्हणाले, "ऐकलंस? खोकला कुठे घेतला ते? जिथे माझं नाव यायला हवं, बरोबर तिथे." मी विचारले, "लाफाएलेचा आवाज काढता येतो तुम्हाला?" ते म्हणाले, "त्याचा आवाज कोणी ऐकलाय? तो चालायचा."

मी सवाईई बेटावर बहिणीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. अमोसा आठवडाभर बिस्किटे खाऊन राहिले. त्याचे मला एवढे काही वाटले नाही. पण शेजारी म्हणाले की आठवडाभर घरातून एकही आवाज ऐकू आला नाही. मंत्री नाही, पाळक नाही, त्यांचा स्वतःचाही नाही. ऐकायला कोणी नसले की हे बोलत नाहीत. माझ्या पश्चात ते एकटे राहिले तर उपाशी मरणार नाहीत, चर्चच्या बायका डबे आणतील. पण ते बोलायचे थांबतील. हे मला नको आहे.

कलम ७. म्हणून घराचे असे. आलाफुआ येथील जमीन व तीवरील घर माझ्या नावावर आहे. गावची जमीन कुटुंबाची असते, तिचे मृत्युपत्र होत नाही. ही मात्र विकत घेतलेली आहे, शिवणाच्या आणि खेळाच्या पैशांतून. माझ्या नावावर केली, कारण अमोसांच्या नावावर काही असले की ते पाहुण्याला देऊन टाकतात. ही जमीन व घर मी माझा भाऊ लाफाएले यास देते, पुढील अटींवर.

तो माझ्या पश्चात एका वर्षाच्या आत येथे राहायला यावा. अमोसा यांना या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. दोघे हयात असेतो घर विकू नये, भाड्याने देऊ नये. मधोमध भिंत घालू नये, पडदा लावायचा असल्यास चालेल. स्वयंपाकघर एकच राहावे. रविवारचे दुपारचे जेवण दोघांनी एकत्र घ्यावे, बोलण्याची सक्ती नाही.

लाफाएलेने हे घर नाकारले तर ते महिला मंडळाला बालवाडीसाठी द्यावे, आणि अमोसांनी फुआतिनोकडे ब्रिस्बेनला जावे. तिची खोली तयार आहे. ही नुसती धमकी नव्हे. मी तसे वकीलबाईंशी बोलून ठेवले आहे.

अमोसांना हे मी बुधवारी दुपारी जेवताना सांगितले. त्यांनी विचारले, "मला काय ठेवलंस?"

"राहायला घर."

"घर आहेच की."

"ते लाफाएलेचं होणार."

त्यांनी नीरफणसाचा तुकडा परत पानात ठेवला. "म्हणजे मी त्याच्या घरात पाहुणा?"

"पाहुणे नाही. हयातभर राहण्याचा हक्क, असं लिहिणार आहे."

"आणि तो म्हणाला, दाजी गप्प बसा, तर?"

"तर गप्प बसा. तेवढं तर बोलणं होईल."

ते उठून उभे राहिले आणि मंत्र्याच्या आवाजात म्हणाले, "सभापती महाराज, हा ठराव... सासरच्या मंडळींनी... विरोधी पक्ष जेवत असताना मांडलेला आहे. याचा मी... निषेध नोंदवतो." मी तो नोंदवला आहे. वर विरोध आहे असे लिहिले तो हाच.

मग ते बसले आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, "तो यायचा नाही, लितारा."

"ते त्याला ठरवू द्या."

"आणि नाही आला तर मी ब्रिस्बेनला जाऊन काय करू? तिथला एकही मोठा माणूस मला माहीत नाही. कोणाचं सोंग करू?"

"शिकून घ्याल."

"या वयात थांबायच्या जागा शोधत बसू?" असे म्हणून त्यांनी पान पुढे केले आणि पुन्हा वाढून घेतले. पहिले संपले होते, मी पाहिले.

कलम ८. कपडे, गीतपुस्तक, भांडी व डुकरे यांची वाटणी फुआतिनोने करावी. खेळाची टोप्या-वेषांची पेटी घरातच राहावी, घराबरोबर जावी. माझे बायबल कबरीत ठेवू नये, ते वाचण्यासारखे आहे.

कलम ९. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून वकीलबाई इलिसापेता यांना नेमते. त्यांना विनंती की माझ्या मृत्यूची वाट न पाहता याची एक नक्कल आताच लाफाएलेला ऑकलंडच्या पत्त्यावर पाठवावी. वकीलबाई म्हणाल्या, असे सहसा कोणी करीत नाही. मी म्हणाले, त्याने उत्तर मला द्यायचे आहे, कबरीला नव्हे.

वरील सर्व मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे. एकूण पाने सात. खाडाखोड दोन ठिकाणी, तेथे सही केली आहे.

सही: लितारा, अमोसा यांची पत्नी

आम्हा दोघांसमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार: मालाकी, निवृत्त शाळामास्तर, आलाफुआ
साक्षीदार: सोसे, पाळकांच्या पत्नी, आलाफुआ

स्थळ आलाफुआ, उपोलू बेट, समोआ. दिनांक ११ ऑक्टोबर १९९७.

लाफाएलेच्या नकलेसाठी, सहीखाली:

लाफाएले, हे मृत्युपत्राचा भाग नाही, म्हणून साक्षीदारांना दाखवलेले नाही. भावाने बहिणीला नाही म्हणायचे नसते. तू मला आजवर कधी म्हटलेले नाहीस. मी नुसते ये म्हटले असते तर तू आला असतास, आणि आब राखून आयुष्यभर दाजींच्या शेजारच्या खोलीत बसून राहिला असतास. तसे यायला मला नको आहे. म्हणून हाक मारली नाही, वकिलाकडून कागद पाठवला. कागदाला नाही म्हणता येते. तू नाही म्हणालास तर मी दुसरी व्यवस्था केली आहे आणि रागावणार नाही, हेही शपथेवरचे समज. हो म्हणणार असशील तर मात्र ते माझ्यासाठी म्हणू नकोस. गाठ काढण्याआधी मला कळायला हवे, म्हणून काय ते दोन ओळींत उलट टपाली कळव.